दारू त्याची, दुखणं आपलं

(बैठकीत मोठ्यानं वाचण्याचा पाठ. दोन बैठकांत, अर्धा-अर्धा तास.)



गटाच्या वहीत आपण पै न पै लिहितो. कुणाची बचत आली, कुणाचा हप्ता राहिला, दंड किती झाला, सगळं लिहिलेलं असतं. पण हप्ता का राहिला, याचा रकाना वहीत नसतो. बऱ्याच वेळा कारण सगळ्याजणींना माहीत असतं आणि तरी कुणी बोलत नाही. घरात पिणारा माणूस आहे, पैसे तिकडे गेले.

दारूनं पैसा जातो, शेत जातं, माणूस जातो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आजचा पाठ त्याचा नाही. पिणाऱ्याच्या बायकोच्या मनाचं काय होतं, ते दुखणं ओळखायचं कसं आणि त्यावर इलाज काय, एवढंच आज शिकायचं आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगते. नवऱ्याची दारू सुटायची वाट बघत आपलं बरं होणं थांबवून ठेवू नका. आजार दोन आहेत आणि दोन माणसांना आहेत. त्याचा इलाज तो घेईल तेव्हा घेईल. आपला इलाज या आठवड्यातही सुरू होऊ शकतो.

वाचणाऱ्या ताईसाठी सूचना: वाचताना गटातल्या कुणाचं नाव घेऊ नका, कुणाकडे बघू नका. सुरुवातीलाच सगळ्यांकडून एक कबुली घ्या, की इथलं बोलणं इथंच राहील. कुणाला बोलायचं नसेल तर तिला बोलतं करू नका. ऐकणंही पुरेसं आहे.

१. आधी हे समजून घेऊ: व्यसन हा आजार आहे, आणि तो बायकोमुळे होत नाही

पिणारा प्रत्येक माणूस व्यसनी नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या १०० पुरुषांपैकी साधारण १९ जण दारू पितात असं दिसलं. त्यातल्या काहींना ती चिकटते. चिकटली हे कसं ओळखायचं? पूर्वीच्या घोटानं भागेनासं होतं, जास्त लागते. नाही मिळाली तर हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. नुकसान दिसत असूनही पिणं थांबत नाही. सकाळी शपथ घेतो आणि संध्याकाळी मोडतो. तेव्हा तो खोटंच बोलत असतो असं नाही. त्याच्या मेंदूलाच दारूची सवय लागलेली असते.

आता दुसरी बाजू. आजार आहे म्हणून मारणं माफ होत नाही. दारू पिणारे सगळेच बायकोवर हात उगारत नाहीत, आणि न पिणारेही मारतात. उपचार घेणं ही त्याची जबाबदारी आहे आणि हात न उगारणं हीसुद्धा त्याचीच जबाबदारी आहे.

मग बायकोचं काय? गावात आणि घरात ठरलेली वाक्यं असतात. "बाईनं धरून ठेवायचं असतं." "हिच्या तोंडामुळे पितो." "मुलगा होईना म्हणून पितो." सासू म्हणते, जाऊबाई म्हणते, कधी कधी आपली आईसुद्धा म्हणते. वर्षानुवर्षं ऐकून बाईला स्वतःलाही ते खरं वाटायला लागतं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तो प्यायला गेला, असं ती मनात धरते.

अमेरिकेत १९३५ साली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट सुरू झाले. नवरे बैठकीला जायचे आणि बायका बाहेर बसायच्या. हळूहळू त्या आपसात बोलू लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की मोडलेल्या आपणही आहोत, आधार आपल्यालाही हवा आहे. त्यातून १९५१ मध्ये घरच्या माणसांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' गट उभे राहिले. ते आज भारतातही आहेत. त्या गटांची शिकवण आपल्या भाषेत सांगायची तर अशी: ही दारू मी लावली नाही, ती माझ्या हाताने थांबणार नाही, आणि त्याला बरं करणं माझ्या एकटीच्या हातात नाही. ही तीन वाक्यं सगळ्यांनी एकदा मोठ्यानं म्हणा. म्हणताना कुणाचा गळा दाटून आला तर थांबा आणि तिला पाणी द्या. रडू आलं म्हणून पाठ बिघडत नाही.

२. ताण शरीरात कसा साचतो

दिवस कलला की पिणाऱ्याच्या घरातली बाई कामात असते, पण कान रस्त्याकडे असतात. गाडीचा आवाज कसा येतो, फाटक कसं वाजतं, चप्पल कशी काढली, एवढ्यावरून तिला कळतं की आज रात्र कशी जाणार. मुलांना ती आधीच जेवू घालते. कोयता, कुऱ्हाड नजरेआड ठेवते. तो आला की त्याच्या तोंडाकडे बघून आपलं तोंड ठरवते. झोपला तरी ती जागीच असते. पहाटे पुन्हा उठून पाणी, शेण, चूल, मजुरी.

ही पाळत आहे. शेतात रानडुकरं येतात म्हणून माळ्यावर बसून रात्रभर राखण करतो, तशी. फरक एवढाच की ही राखण बारा महिने चालते आणि बदली माणूस नसतो. धोका दिसला की शरीर तयार होतं. काळीज धडधडतं, स्नायू ताठतात, झोप पळते, भूक मरते. धोका एकदाच आला तर शरीर नंतर निवतं. रोज आला तर निवायला सवडच मिळत नाही. मग डोकं दुखतं, मान आखडते, छातीत जळजळतं, हातापायाला मुंग्या येतात, पाळी बिघडते, लक्षात राहत नाही, मुलांवर विनाकारण हात उठतो.

अशी बाई दवाखान्यात जाते तेव्हा "दारूमुळे मनाला त्रास होतो" असं सांगत नाही. ती सांगते, "अंगात कणकण आहे, कंबर धरलीय, अशक्तपणा आहे, पांढरं जातंय." सलाईन लागतं, ताकदीच्या गोळ्या मिळतात, चार दिवस बरं वाटतं. गोव्यात संशोधकांनी गावातल्या बायकांची मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पांढरं पाणी जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी जास्त घट्ट आहे, असं त्यात दिसलं. याचा अर्थ तक्रार खोटी, असा मुळीच नाही. अंगावरून जात असेल तर तपासणी करायचीच. पण तपासणीत काही सापडलं नाही तर "तुम्हाला काही झालेलं नाही" एवढं ऐकून घरी परतू नका. डॉक्टरांना घरची परिस्थिती सांगा.

मार असेल तर त्रास कैक पटीनं वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतलाच आणखी एक आकडा आहे. ज्यांचे नवरे पीत नाहीत अशा १०० बायकांपैकी २३ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. ज्यांचे नवरे वारंवार झिंगून येतात, त्यांच्यात हा आकडा ७० होता. म्हणजे ही एका बाईच्या नशिबाची गोष्ट नाही, घराघरातली आहे.

३. आपलं मन तपासू या

खालचे प्रश्न प्रत्येकीनं मनातल्या मनात सोडवायचे. उत्तर कुणाला सांगायचं नाही. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस असं झालं का?

• मन उदास राहिलं, रडू येत राहिलं.
• पूर्वी आवडायचं त्यात जीव लागेना. सण, रांगोळी, भजन, शेजारणीशी गप्पा, सगळं नकोसं झालं.
• झोप लागली नाही, किंवा उठवेना.
• जेवण गेलं नाही, किंवा नुसतं खात सुटले.
• काम न करताही अंग गळून गेलं.
• नोटा मोजताना, वही लिहिताना चुका होऊ लागल्या.
• माझ्यातच खोट आहे, मी कामाची नाही, असं वाटत राहिलं.
• छातीत धडधड, पोटात गोळा, सारखी धास्ती.
• जगून काय करायचं, मेलेलं बरं, असं मनात आलं.

पहिल्या दोनपैकी एक 'हो' आणि बाकीच्यांतले तीन-चार 'हो' असतील, तर हा नुसता थकवा नसावा. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असू शकतो. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. शेवटच्या एका प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर बाकीचे मोजत बसू नका. आजच कुणाला तरी सांगा, किंवा १४४१६ ला फोन लावा. फवारणीचं औषध घरात असेल तर ते घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. मरणाचा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. तो ओसरेपर्यंत विष हाताशी नसलं तर जीव वाचतो.

हा आजार बरा होतो का? होतो. समुपदेशनानं होतो, आणि गरज असेल तर गोळ्यांनी. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा होत नाही. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडून देऊ नका. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. नुसत्या झोपेच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून आपल्या मनानं आणून घेऊ नका, त्यांची सवय लागते. "गोळ्या चालू आहेत म्हणजे बाई वेडी" असं कुणी म्हटलं, तर बीपीच्या गोळ्या घेणारीला आपण काय म्हणतो, ते त्यांना विचारा.

४. आपण कसं निभावतो: तीन रीती

इंग्लंड, मेक्सिको आणि ऑस्ट्रेलियातल्या व्यसनी माणसांच्या घरच्यांशी संशोधकांनी अनेक वर्षं बोलून पाहिलं. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण घरची माणसं निभावतात त्या रीती साधारण तीनच निघाल्या. आपल्या घराशी ताडून पाहा.

पहिली रीत, झगडणं. बाटली ओतून देणं, खिसे तपासणं, गुत्त्यावर जाऊन ओढून आणणं, देवापुढे शपथ घ्यायला लावणं, माळ घालायला लावणं, ओरडणं, विनवणं. यात आशा असते. कधी कधी उपयोगही होतो. पण बाईची सगळी ताकद त्याच्यामागे धावण्यात जाते. तो पुन्हा प्यायला की आपणच हरलो असं तिला वाटतं.

दुसरी रीत, सोसणं आणि झाकणं. त्याची उधारी फेडणं, कामावर "ताप आलाय" असा निरोप देणं, पाहुण्यांपुढे सावरून घेणं, मुकाट्यानं मार खाणं. यात त्या दिवशीचा तमाशा टळतो. पण दारूची किंमत तो भरत नाही, ती भरते. त्यामुळे त्याला थांबायचं कारणही कमी होत जातं.

तिसरी रीत, अंतर राखणं. एका घरात राहूनही आपला दिवस आपला ठेवणं. गटाला जाणं, मजुरी-धंदा करणं, मुलांच्या अभ्यासाला बसणं, तो प्यालेला असताना वाद न घालणं, गरज पडली तर दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी झोपणं. यात मनाला श्वास मिळतो. पण लोक नावं ठेवतात आणि बाईला आतून अपराधी वाटतं.

यातली एकच बरोबर आणि बाकीच्या चूक, असं नाही. मार टाळायला त्या रात्री गप्प बसावं लागलं, तर तो शहाणपणा आहे. प्रत्येक रीतीला दोन प्रश्न विचारा: यानं माझं आणि मुलांचं काय झालं? आणि हे मी घाबरून करते की ठरवून करते? एखादी ताई गेली पाच वर्षं दर महिन्याला नवऱ्याची उधारी फेडते. तिनं एका महिन्यापुरतं ठरवलं, "उधारी माझी नाही, मी देणार नाही," आणि दुकानदाराला तसं शांतपणे सांगितलं, तर तो तिचा निर्णय झाला. पण असं केल्यावर मार पडण्याची भीती असेल तर आधी सुरक्षिततेची तयारी, मग निर्णय. हा क्रम उलटा करू नका.

(पहिली बैठक इथे थांबवा.)

५. हे करू नका

चहा-भाजीत गुपचूप औषध मिसळू नका. "नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर असतात. त्या पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. दारू नकोशी व्हावी म्हणून डॉक्टर एक गोळी देतात, पण ती रोग्याला सांगून, तपासून आणि त्याच्या संमतीनं. ती पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी एकदम उतरतो, जीवही जाऊ शकतो. त्याला न सांगता दिली तर तो पिणारच. उद्या काही झालं तर बोट तुमच्याकडे येईल.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू कोंडून घालून एकदम तोडू नका. अशा माणसाला पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणसं ओळखू येत नाहीत. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली आणि भगताकडे नेतात. ती बाधा नाही, अचानक दारू तुटल्याचा परिणाम आहे आणि तो जिवावर बेततो. सरळ दवाखान्यात न्या. माळ घालायची असेल तर जरूर घाला, त्यानं मनाचा निश्चय होतो. पण शरीरासाठी आधी डॉक्टर.

तो प्यालेला असताना हिशेब काढू नका. त्या वेळी सांगितलेलं त्याच्या डोक्यात राहत नाही, भांडण मात्र राहतं.

मुलांना पाळतीवर पाठवू नका. "जा, बघून ये बाबा कुठं बसलेत" हे काम दहा वर्षांच्या पोराचं नाही. त्याला एवढंच सांगा, की बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि भीती वाटली तर अमुक काकूंकडे जायचं.

त्याचं कर्ज फेडायला आपल्या नावावर गटाचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज उचलू नका. दारू सुटत नाही, हप्ता मात्र आपल्या गळ्यात पडतो.

६. हे करता येईल

एका तरी माणसाला खरं सांगा. बहीण, मैत्रीण, आशाताई, सीआरपी ताई, कुणीही चालेल. झाकून ठेवण्याचं ओझं मारापेक्षा कमी नसतं. सांगितल्यानं तो सुधारत नाही, पण आपण एकट्या राहत नाही.

बोलायचं तर सकाळी बोला. तो शुद्धीवर असताना, मुलं नसताना, थोडक्यात. "तुम्ही असेच आहात" असं सुरू केलं की भांडण होतं. असं बोलून बघा: "काल रात्री पोरगी घाबरून पलंगाखाली लपली. मला हे सहन होत नाही. तालुक्याला दवाखान्यात जायचं असेल तर मी सोबत येते." एवढं बोलून थांबा. तो "बघू" म्हणाला तरी ठीक. तयार झाला तर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारून जवळचं केंद्र शोधता येतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं. तिथं आणि इतरही चांगल्या केंद्रांत बायकोशी वेगळं बोललं जातं, तिलाही आधार दिला जातो. केंद्र निवडताना हे आवर्जून विचारा. साखळीनं बांधणाऱ्या, मारणाऱ्या, भेटू न देणाऱ्या जागी नेऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, केंद्रातून आल्यावर काही जण पुन्हा पितात. म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. बऱ्याच जणांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो.

पैसा आपल्या हातात ठेवा. बचत खातं आपल्या एकटीच्या नावावर हवं. एटीएम कार्ड आणि त्याचा नंबर कुणाला देऊ नका. कर्जाची रक्कम एकदम रोख काढून घरात ठेवू नका. शेळी, शिलाई मशीन, बियाणं ज्यासाठी कर्ज घेतलं, ते पैसे शक्यतो खात्यातूनच थेट द्या.

मार असेल तर तयारी ठेवा. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, थोडे पैसे, एक जोडी कपडे अशी पिशवी विश्वासाच्या घरी ठेवा. शेजारणीशी खूण ठरवा. उदाहरणार्थ, मागचं दार वाजवलं की तिनं ११२ ला फोन करायचा. भांडण वाढलं तर स्वयंपाकघरात किंवा कोंडलेल्या खोलीत थांबू नका. बाहेर पडायला जिथून वाट आहे, तिकडे जा.

रोज थोडा वेळ आपला ठेवा. अर्धा तास पुरे. ओव्या म्हणा, चालून या, मैत्रिणीसोबत भाकऱ्या थापा. त्या अर्ध्या तासात त्याचा विषय नको. जेवण वेळेवर करा. तो आल्याशिवाय जेवायचं नाही, हा नियम तुमच्या पोटानं कधी मान्य केलेला नाही.

कायदा माहीत असू द्या. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे, आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. नुसती मारहाणच नाही, शिवीगाळ, अपमान, धमकी, जबरदस्तीचा संबंध, खर्चाला पैसे न देणं, दागिने विकणं हेही त्यात येतं. या कायद्यासाठी घर सोडावं लागत नाही, उलट घरात राहण्याचा हक्क मिळतो. घटस्फोट घ्यावा लागत नाही. तालुक्यात महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, ते अर्ज भरून देतात. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

७. गटानं काय करायचं

आपल्या दशसूत्रीत आरोग्याचंही सूत्र आहे. मनाचं आरोग्य त्यातच धरा.

खुणा ओळखा. नेहमी वेळेवर येणारी ताई खाडे करू लागली, हप्ता चुकू लागला, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं आणि डोक्यावरचा पदर सोडत नाही, बैठकीत गप्प झाली, पाच वाजले की घाईनं उठते. अशा वेळी दंड लावण्याआधी एकीनं एकटीनं जाऊन तिला भेटायचं. दोघी-तिघींनी नाही, एकीनं. आणि तो घरी नसताना.

काय म्हणायचं? "ताई, दोन बैठका दिसली नाहीस, तुझी काळजी वाटली. सांगावंसं वाटलं तर मी ऐकते." काय म्हणायचं नाही? "समजुतीनं घे गं, सगळ्यांचे असेच असतात." "सोडून दे त्याला." "तूच काहीतरी बोलली असशील." सल्ला सोपा असतो, निभावायचं तिला असतं. राहायचं की निघायचं हे ती ठरवेल. ती राहिली तरी गट तिचा आणि निघाली तरी गट तिचा, एवढं तिला कळलं पाहिजे.

घोळक्यानं तिच्या दारात जाऊन नवऱ्याला फैलावर घेऊ नका. आपण तासाभरात घरी जातो, रात्र तिला त्याच्यासोबत काढायची असते. तिच्या परवानगीशिवाय काही करायचं नाही. जीवाला धोका दिसला तर मात्र ११२ ला फोन करायला परवानगीची वाट बघू नका.

हप्त्याला मुदत द्यायची असेल तर ठरावात फक्त "मुदतवाढ मंजूर" लिहा, कारण लिहू नका. वही दहा हातांतून जाते. दवाखान्याच्या गाडीभाड्याला पैसे नसतील तर ग्रामसंघाच्या व्हीआरएफ निधीतून मदत होईल का ते विचारा. पहिल्यांदा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला भीती वाटते, तेव्हा एकीनं सोबत जा. आणि गटाची बैठक संध्याकाळी उशिरा असेल तर वेळ बदला. पिणाऱ्याच्या घरची बाई त्या वेळी येऊच शकत नाही.

गावातलं दारू दुकान बंद करायचं असेल तर महाराष्ट्रात मतदानाची तरतूद आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद होतं. ती लढाई जरूर लढा. पण ती जिंकेपर्यंत कुणाच्या मनाचं दुखणं थांबून राहत नाही. दोन्ही कामं सोबत चालू द्या.

हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा

• टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी: १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीतून बोलता येतं)
• महिला हेल्पलाइन: १८१
• पोलीस, तातडीची मदत: ११२
• व्यसनमुक्ती हेल्पलाइन: १४४४६

नवरा फोन तपासत असेल तर दुसरीच्या फोनवरून लावा, किंवा बोलून झाल्यावर नंबर पुसून टाका.

गटात चर्चेसाठी

१. "हिच्यामुळे पितो" हे वाक्य आपल्या गावात कोण कोण म्हणतं? आपण म्हणतो का?
२. झगडणं, सोसणं, अंतर राखणं, यांत आपल्या आईनं कोणती रीत धरली होती? तिला त्याचं काय मोल द्यावं लागलं?
३. आपल्या गटाचा एखादा नियम अशा ताईला जास्तच जाचतो का? बदलायचा तर कसा?
४. गटात गुपित राखायला सगळ्यात भरवशाच्या दोघी कोण? त्यांची नावं सगळ्यांच्या संमतीनं ठरवा.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम

प्रत्येकीनं एक गोष्ट करून यायची: गेल्या महिन्यात बैठकीला न आलेल्या एका ताईच्या घरी सहज जायचं, चहा घ्यायचा आणि तिचं ऐकायचं. वसुलीचा विषय काढायचा नाही. आणि ती ताई आपणच असू, तर कुणी दार वाजवायची वाट न बघता, ज्या दोघींची नावं ठरली त्यांच्यातल्या एकीकडे जायचं.